काळ्या छत्रीच्या टेपा

४ फेब्रुवारी

आज रेकॉर्ड कंपनीचा माणूस घरी आला. अंगात महागडा कोट, पायात मात्र झिजलेले बूट. असल्या माणसांपासून मी सवयीनेच सावध असते. विमा कंपनीसाठी आगीचे आणि चोरीचे दावे तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. गोदाम जळालं असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, माल आदल्या दिवशी कुठे होता.

त्याचं म्हणणं असं: बाबांच्या बँडला, ‘काळी छत्री’ला, पुढच्या वर्षी पन्नास वर्षं होतील. त्यांची एकुलती एक रेकॉर्ड आणि सापडेल ते बाकीचं सगळं नव्याने काढायचं आहे. पण मूळ टेपा कुठेच नाहीत. स्टुडिओ बंद पडला, त्यानंतर त्यांचं काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. शेवटच्या कार्यक्रमाची कुणीतरी छोट्या कॅमेऱ्यावर फिल्म घेतली होती, तीही गायब. बाबांची वारस म्हणून माझी सही हवी, आणि जमलं तर टेपा शोधायला मदत.

“तुमच्या वडिलांचा आवाज म्हणजे...” म्हणत त्याने छातीवर हात ठेवला. सही मिळवायला आलेली माणसं असाच हात ठेवतात. तरीही मला बरं वाटलं. बाबा गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते. चेहरा फोटोतला, आठवण एकही नाही. बाप म्हणून माझ्यापाशी जे काही आहे ते त्या रेकॉर्डवर आहे: तो जाड, उबदार, शेवटाला किंचित खरवडणारा आवाज. परीक्षेआधी, लग्नाआधी, ऑपरेशनआधी मी तीच लावली.

आई आत भांडी धूत होती. तो माणूस “टेपा” म्हणाला तेव्हा नळ बंद झाला. तो गेल्यावर पुन्हा सुरू झाला.

“कशाला उकरून काढतेस?” आई म्हणाली. “गेलं ते गेलं.”

“गेलं कुठे, तेच तर बघायचंय.”

नवरा वही तपासता तपासता म्हणाला, “झालं. आता घरातच पंचनामा.”

९ फेब्रुवारी

स्टुडिओच्या जागी आता गाद्यांचं दुकान आहे. भिंतींवरचं जुनं अस्तर तसंच ठेवलंय. आत रस्त्याचा आवाज येत नाही, त्यामुळे गादी बघायला आलेली गिऱ्हाइकं तिथेच डोळे मिटतात, असं मालक कौतुकाने सांगत होता. वरच्या मजल्यावर तेव्हाचे ध्वनिमुद्रक एकटेच राहतात. कान अजून तीक्ष्ण. मी जिना चढतानाच त्यांनी ओळखलं म्हणे, की माणूस नवीन आहे आणि उजवा गुडघा दुखतोय.

टेपांचं विचारल्यावर म्हणाले, “त्या लांब्याने नेल्या. आठएक वर्षं झाली असतील.”

लांब्या म्हणजे बँडचा गिटारवाला. बाबांचा जिवलग मित्र. बाकीचे दोघे वारले, हा एकटा उरला.

“तुम्ही दिल्यात कशा?”

“त्याच्याबरोबर एक बाई होत्या. त्या गाडीतून उतरल्याच नाहीत. पण लांब्या म्हणाला, यांचा हक्क आहे. मग मी दिल्या.”

म्हणजे बायको. नवरा-बायको मिळून माल उचलायचा, वर्षानुवर्षं दाबून ठेवायचा आणि भाव आला की बाहेर काढायचा. हा प्रकार मी गोदामांत शंभरदा पाहिलाय. पण लांब्याने लग्नच केलेलं नाही, असं ध्वनिमुद्रक म्हणाले. मग ती कोण, हा वेगळा मुद्दा.

निघताना मी विचारलं, बाबा माइकसमोर कसे होते. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “पोरी, मी आवाज भरायचो. चेहऱ्यांकडे बघायचं काम माझं नव्हतं.”

म्हातारपणी माणसं भलतंच बोलतात. पण भलतं बोलणाऱ्यांकडूनच पुढे काहीतरी सापडतं, असा माझा अनुभव आहे.

१२ फेब्रुवारी

लांब्याकडे जाऊन आले. शहराबाहेर त्याची रोपवाटिका आहे. पंचाहत्तरीचा माणूस, अजूनही ताठ, मान वाकवून दारातून आत येतो. हातांना माती, बोटं अजून लांबसडक. मला बघून बस म्हणायचंही त्याला सुचलं नाही, मीच खुर्ची ओढून बसले.

“काका, टेपा तुमच्याकडे आहेत का?”

“माझ्याकडे एकही टेप नाही.”

“तुम्ही स्टुडिओतून नेल्या होत्या.”

“नेल्या होत्या.”

“मग?”

“माझ्याकडे नाहीत.”

पुढे ताकास तूर लागू देईना. विचारलं तेवढंच उत्तर आणि एक शब्द जास्त नाही. असं फक्त दोन प्रकारची माणसं बोलतात: वकिलाने पढवलेली आणि खरं बोलून फसवणारी. बोलतोही हळू, जणू आवाज खर्च होईल. मध्ये मध्ये खोकतो. पण मला सर्वात खटकला तो त्याचा आवाजच. आधी कुठेतरी ऐकलाय आणि त्यावर विश्वास टाकलाय, असं वाटत राहिलं. फोनवरून गोड बोलून लोकांना लुबाडणारे असतात, त्यांच्या आवाजात हे असतं.

आणखी एक. बाबांना ओळखणारा जो तो मला पहिल्यांदा विचारतो, “आई कशी आहे?” याने विचारलं नाही. निघताना फक्त “सांभाळून जा” म्हणाला, आणि माझ्या हातात एक कुंडी दिली. आवळा देऊन कोहळा काढणाऱ्यांची मला चीड आहे. तरी कुंडी आणली. नाही म्हणायला सुचलं नाही.

१३ फेब्रुवारी

आईला सगळं सांगितलं. ती कुंडी फिरवून फिरवून बघत होती. “खोकला गेला का त्याचा?”

“तुला कसं माहीत त्याला खोकला आहे?”

“या वयात सगळ्यांनाच असतो.” मग कुंडी उचलून तिच्या खोलीच्या खिडकीत ठेवली. म्हणे तिथे ऊन बरं येतं. येत नाही. तिथे दुपारनंतर सावलीच असते.

मी विचारलं, “बाबा कशाने गेले?”

“तापाने. कितीदा सांगितलंय.”

खरं आहे, कितीदा सांगितलंय. पण माझ्या लग्नाच्या वेळी मोठी आत्या “त्याचा घसा गेला आणि मग सगळंच गेलं” असं म्हणाली होती, आणि आईने तिला पाणी आणायला आत पाठवलं होतं. दोन साक्षींत फरक पडला की दावा मी बाजूला काढून ठेवते. हाही ठेवलाय. आपल्याच आईचा जबाब असा तपासायचा याची लाज वाटते, पण कुठेतरी पाणी मुरतंय.

१९ फेब्रुवारी

फिल्म सापडली. पण आजची नोंद लांबणार आहे, आणि कारण फिल्म नाही.

ती घेणाऱ्या हौशी माणसाचा पत्ता ध्वनिमुद्रकांकडून मिळाला, पण तो केव्हाच वारला. त्याची बहीण कपडे शिवते. छोटंसं दुकान, कापडाच्या ढिगातून वाट काढत आत जावं लागतं. तोंडात टाचण्या धरून ती बोलत होती.

“ती फिल्म मागायला दोघं आली होती. उंच म्हातारा आणि एक बाई. मी दिली नाही. भावाच्या हातची तेवढीच वस्तू आहे.”

“ती बाई काय म्हणाली?”

“रडली. म्हणाली, मग निदान माझ्या मुलीला तरी दाखवू नका.” तिने टाचण्या काढून माझ्याकडे नीट बघितलं. “तुम्हीच का ती?”

मी म्हटलं, मी गायकाची मुलगी, त्या म्हाताऱ्याची कुणी नाही. ती बाई कशी दिसत होती?

“चेहरा आता आठवत नाही. कोट आठवतो. गडद हिरवा. बाही उसवली होती. रडतेय बिचारी, म्हणून मी जाता जाता शिवून दिली. हिरवा दोरा संपला होता, निळ्याने शिवली. मला ते अजून टोचतं. कोटाच्या बाहीला निळा टाका.”

मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिने कपाटातून डबा काढून माझ्या हातात ठेवला. म्हणाली, बघून झाली की परत आणा, आणि ज्यांनी दाखवू नका म्हटलं त्यांच्याशी भांडू नका.

घरी आले. दाराजवळच्या खुंटीवर आईचा हिरवा कोट होता. किती वर्षं मी तो रोज बाजूला सारून माझी पिशवी अडकवते. डावी बाही उलटी केली. निळा टाका. बारीक, एकसारखा, सुंदर.

आई आतून म्हणाली, “आलीस का? जेवायला बस.” मी बसले. आधी पुरावा बघायचा, मग विचारायचं.

२१ फेब्रुवारी

नवऱ्याच्या शाळेत प्रयोगशाळेच्या माळ्यावर जुना प्रोजेक्टर होता. रविवारची शाळा रिकामी. पडदे ओढले. फिल्म मुकी आहे, आवाज नाहीच.

पांढऱ्या शर्टातले बाबा. माझ्यापेक्षा कितीतरी लहान. हलतात काय, हसतात काय, मी हरखून गेले. गाणं सुरू झालं. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी घाम पुसायला माइक खाली घेतला, तरी पुढची माणसं डोलतच राहिली. गाणं थांबलं नव्हतं.

“मागे बघ,” नवरा म्हणाला.

मागे ड्रमच्या पलीकडे, अंधारात, एक उंच सावली उभी होती. गिटार गळ्यात, तोंडासमोर दुसरा माइक, आणि तोंड चालू.

“साथ देत असेल,” नवरा म्हणाला. तो चांगला माणूस आहे, प्रत्येकाला आधी सोडून देतो.

पण मला त्या क्षणी “सांभाळून जा” ऐकू आलं. तो आवाज कुठे ऐकला होता ते कळलं. परीक्षेआधी, लग्नाआधी, ऑपरेशनआधी.

फिल्मच्या शेवटी बाबा एकदम वळले. अंधारात गेले, लांब्याच्या मनगटाला धरून त्याला ओढत पुढे उजेडात आणलं, आपला माइक त्याच्या हातात कोंबला आणि स्वतः बाजूला झाले. लांब्या नुसता उभा. मग कॅमेरा हलायला लागला आणि रीळ संपलं.

घरी येताना नवरा म्हणाला, “आपण काहीतरी खाऊया का?” मी म्हटलं, मला जन्मभर दुसऱ्याचा आवाज बाप म्हणून खाऊ घातलाय, पोट भरलंय. नंतर त्याची माफी मागितली.

२२ फेब्रुवारी

आईला विचारलं. मी कामावर विचारते तसंच विचारलं, समोर बसून, आवाज न चढवता. तिने कोटाची बाही बघितली आणि सरळ कबूल केलं. इतक्या वर्षांत माझ्यासमोर एवढं सोपं कुणी कबूल केलं नव्हतं.

गाणी आणि चाली बाबांच्याच, पण त्यांचा घसा गेला होता. गाठ होती. रेकॉर्ड कंपनीशी बोलणं झालं आणि आवाज गेला, एकाच महिन्यात. कंपनीला हवा होता तो बाबांचा चेहरा आणि बाबांचं नाव. लांब्या म्हणाला, मी गातो, तू उभा राहा, कुणाला कळणार. कळलं नाही. ध्वनिमुद्रकाने तोंड शिवून घेतलं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू सहा वर्षांची असताना ती रेकॉर्ड लावून झोपायचीस. म्हणायचीस, बाबा आले. तेव्हा सांगायचं होतं? मग दहा वर्षांची झालीस. मग वीस.” तिने कोटाची बाही सरळ केली. “उशीर काही एकदम होत नाही गं.”

पुढे आठ वर्षांपूर्वी कुणी वर्तमानपत्रवाला त्या टेपांची चौकशी करत फिरायला लागला, कारण गाण्यांच्या मधलं बोलणंही टेपांवर आहे. ऐकणारा लगेच ओळखेल, बोलतो कोण आणि गातो कोण. म्हणून आईने लांब्याला फोन केला.

“त्याचा नंबर होता तुझ्याकडे?”

“होता.”

“आणि टेपा कुठे आहेत?”

तिने मला तिच्या खोलीत नेलं. पलंगाखालची पेटी. हिवाळी पांघरुणं आहेत म्हणून मी कधी उघडलीही नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. दावे तपासणारी बाई म्हणून मी नाव कमावलंय.

ती म्हणाली, “फिल्ममध्ये काय आहे? लोकांनी त्याला हाकललं का?” मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, तिने ती कधी बघितलेलीच नाही. त्या दिवशी मला ताप होता, ती घरी होती. बाबा दुसऱ्या दिवशी कुजबुजूही शकत नव्हते, पुढे बोललेच नाहीत. आणि लांब्याने तिला इतकंच सांगितलं होतं की शेवटी सगळं बिघडलं. बाबा उघडे पडले आणि लोकांनी त्यांची छी-थू केली, असं ती आजवर समजत आली.

मी तिच्यावर रागावलेली आहे. तरी रात्रीच्या जेवणात तिला आवडतं म्हणून भाताची खरवड काढून ठेवली. दोन्ही खरं आहे.

२६ फेब्रुवारी

लांब्याला घरी बोलावलं. दुपारी, बैठकीच्या भिंतीवर फिल्म लावायची ठरवली. आईने सकाळीच केस धुतले. भिंतीवरची फिल्म बघायला केस कशाला धुवायचे, असं मी म्हटलं तर म्हणाली, डोकं जड झालं होतं.

तो आला तो दारातच थांबला. “वहिनी, बघायलाच हवं का?”

“मी बघितलेली नाही,” आई म्हणाली. “तू माझ्याजवळ बस.”

बाबा उजेडात आले तशी आईने तोंडावर हात धरला. लांब्या भिंतीकडे बघतच नव्हता, गुडघ्यांकडे बघत होता. बाबांनी त्याला ओढून पुढे आणलं त्या जागी मी म्हटलं, “काका, आता बघा.”

“नको. त्याने माइक दिला आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. त्याने सगळ्यांसमोर खरं सांगितलं आणि मी दगडासारखा उभा राहिलो. लोक ओरडायला लागले. त्याचा शेवटचा कार्यक्रम मी घालवला.”

“लोक ओरडतायत ते बघा तर खरं.”

त्याने मान वर केली. नवऱ्याने रीळ मागे घेऊन पुन्हा लावलं. शेवटी कॅमेरा हलतो ना, शाळेत मला वाटलं होतं कॅमेऱ्यावाल्याचा हात गेला. आज दिसलं, त्याच्या पुढची माणसं उभी राहिली होती. हात वर, टाळ्या. आणि कडेला बाबा, तेही टाळ्या वाजवत होते, डोकं मागे टाकून हसत होते.

लांब्याने ते तीनदा बघितलं. मग म्हणाला, “हसत होता तो?” आईला विचारलं, आम्हाला नाही.

“हसत होता रे,” आई म्हणाली.

नंतर मी कॉफी केली. त्याने आईच्या कपात दीड चमचा साखर घातली, न विचारता, आणि तिनेही न बघता कप घेतला. याची नोंद करून ठेवते. म्हणजे टेपा नेल्यानंतरही ही दोघं भेटत होती. एवढ्या जुन्या सहआरोपींना एकमेकांच्या सवयी ठाऊक असणारच. त्यापलीकडे मला काही संशय नाही.

आई त्याला सोडायला बाहेर गेली, तेव्हा त्याने तिचा हिरवा कोट तिच्या खांद्यावर ठेवला आणि “गार आहे, घाल” म्हणाला. वहिनी म्हणायचं विसरला.

३ मार्च

कंपनीच्या माणसाला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि आधी दार नीट लागलंय का ते बघितलं.

“हे आपल्या तिघांतच राहू दे,” तो म्हणाला. तिसरा लांब्या, तो शेजारी बसला होता. “लोकांना तो चेहरा आणि तो आवाज एकत्र हवाय. यांनाही आयुष्यभर काही तक्रार नव्हती.”

“नाही,” लांब्या म्हणाला. “नाव त्याचंच राहू दे.”

मी म्हटलं, “काका, तुम्ही दावा केला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. आणि माझ्या वडिलांनी हजार माणसांसमोर जबाब दिलाय, तेव्हा कुणाला तो कळला नसला तरी. तो मी दाबणार नाही.”

कव्हरवर गाणारा म्हणून लांब्याचं नाव, गाणी लिहिणारा आणि चाली बांधणारा म्हणून बाबांचं. असं नसेल तर सही नाही, टेपा नाहीत, फिल्मही नाही. त्या माणसाने छातीवर हात वगैरे ठेवला नाही. दोन दिवस मागितले.

रस्त्यावर आल्यावर लांब्या म्हणाला, “मग तुझ्याकडे त्याचं काय उरलं?”

हाच प्रश्न मलाही पडलाय, आणि त्यासाठी आईवर मी अजून पूर्ण माफीचा शेरा मारलेला नाही.

६ मार्च

कंपनीने मान्य केलं. मला वाटतं हा त्यांचा काहीतरी डाव आहे, लफडं विकलं जाईल म्हणून. असू दे. करार दोनदा वाचला.

दुपारी पेटी घेऊन आम्ही ध्वनिमुद्रकांकडे गेलो, आई, लांब्या आणि मी. त्यांच्याकडे मशीन आहे. त्यांनी एकेक रीळ काढून नाकाशी धरलं, खराब झालेली टेप वासावरून कळते म्हणे. एकावर काहीच लिहिलेलं नव्हतं. ते स्टुडिओतलं नाही म्हणाले, घरी भरलेलं असणार.

लावलं. मागे घड्याळाची टिकटिक, गिटारची तार, मग लांब्याचा तरुण आवाज, एक ओळ. ती अर्ध्यात तुटली. मग कुणीतरी कुजबुजलं. पत्र्यावर कानस फिरवावी तसा आवाज, शब्द जेमतेम कळत होते.

“तसं नको. पुन्हा. हळू म्हण, पोरगी आत्ताच झोपलीय.”

लांब्याने पुन्हा म्हटली.

“हां. आता शेवट लांबव. थोडा खरवडून. मी करायचो तसं.”

ध्वनिमुद्रकांनी मशीनचा आवाज वाढवला. आई खिडकीकडे तोंड करून उभी होती.

“हे कोण?” मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“हाच तो,” आई म्हणाली.

मुळीच ओळखीचा नव्हता तो आवाज. रस्त्यात मागून हाक मारली असती तर मी वळलेही नसते. ध्वनिमुद्रकांना म्हटलं, पुन्हा लावा. त्यांनी लावला. मग पुन्हा. खाली दुकान बंद व्हायची वेळ झाली, लांब्या आईला घेऊन पुढे गेला, तरी मी बसून होते. निघेपर्यंत थोडा ओळखीचा झाला होता.